हिरव्या दोऱ्याचा रुमाल

१

रविवारी चर्चमधली अकराची प्रार्थना संपली की आम्ही चौकातल्या दोन झाडांमध्ये दोरी बांधतो. दोरीला चिमट्यांनी रुमाल लावायचे आणि खाली घडीच्या खुर्च्या टाकून भरतकाम करत बसायचं. सहा वर्षं हे चाललं आहे. सान ओनोफ्रे गावात आता कुणी वळूनसुद्धा बघत नाही. फुगेवाला वाकून दोरीखालून जातो, आणि बूटपॉलिशवाला आमचे पडलेले चिमटे गोळा करून ठेवतो.

नियम साधा आहे. ज्याला मारलं त्याचा रुमाल लाल दोऱ्याने भरायचा, आणि ज्याला नेलं पण परत आणलं नाही त्याचा हिरव्या. नाव, वय, काय झालं, कुणी केलं, एवढंच. एका रुमालावर कितीही हात चालतात. कुणीही येऊन बसतं, दोन शब्द भरतं आणि सुई कापडात खोचून निघून जातं. मी चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले, त्यामुळे टाका बघून तो कुणी घातला ते मी सांगू शकते. माझ्या शेजारी बसणाऱ्या चायोचे टाके मोठे आणि घाईचे असतात, तिच्या बोलण्यासारखेच.

हिरव्या रुमालातला माणूस मेलेला सापडला, तर त्याचं नाव उसवून लाल दोऱ्याने पुन्हा भरायचं. एकेक बाई एकेक अक्षर घेते आणि शेवटचं अक्षर घरच्या माणसासाठी ठेवतात. चायोचा नवरा नाबोर टॅक्सी चालवायचा. त्याचं नाव असंच लाल झालं. शेवटचं अक्षर भरताना चायो म्हणाली, "जिवंतपणी याच्या शर्टाची बटणं लावली, आता हेही मलाच!" मग तिने दातांनी दोरा तोडला आणि रुमाल स्वतःच दोरीला लावला. 

माझ्या मुलाचा, एफ्राइनचा रुमाल हिरवा. तो गावच्या पाणी कार्यालयात विहिरींची पातळी मोजायचा. कागदावर विहिरी कोरड्या दाखवत होते, आणि त्याच विहिरींतून सरबताच्या कारखान्याची नळी दिवसभर भरून वाहत होती. एफ्राइनने गावसभेत उभं राहून खरे आकडे वाचून दाखवले. आठव्या दिवशी सकाळी दहा वाजता, कार्यालयाच्या दारातून, नगरपालिकेच्या चौदा नंबरच्या पोलीसगाडीने त्याला नेलं. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. त्याला आता तीन वर्षं चार महिने झाले.

त्याच्या रुमालाला मी दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. शेवटचा शब्द अर्धाच ठेवला आहे आणि सुई तशीच खोचलेली आहे. तो आला की त्याच्याकडूनच पुरा करून घेणार. टाका त्यालाही येतो. लहानपणी माझ्या शेजारी बसून तो गणवेशांच्या पट्ट्या शिवायचा, डाव्या हाताने. त्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला नख नाही. विहिरीचं लोखंडी झाकण पडलं होतं.

२

जुलैच्या एका मंगळवारी तपास कार्यालयातून बारासा साहेबांचा फोन आला. तीन वर्षं ज्याने मला नुसतं 'बाई' म्हटलं, तो आज मानाने 'दोन्या ओतिलिया' म्हणत होता. एवढा मान मिळाल्यावर मी आधी खुर्ची ओढून बसले.

त्याच्या खोलीत टेबलावर कागद तयार होते.

"दोन्या ओतिलिया, तुमचा मुलगा सापडला," तो म्हणाला. "फार वाईट वाटतं मला. जुन्या विहिरीत पडला होता. तपासणीत जुळलं आहे सगळं. तुमचं रक्त आम्ही घेतलं होतं ना, त्याच्याशी."

"कुठल्या विहिरीत?"

"टेकडीमागच्या."

"त्या विहिरीची पातळी दर सोमवारी तोच मोजायचा, साहेब. डोळे मिटून चालला असता तिथे. आणि पोलिसांनी गाडीत घातलेला माणूस विहिरीत पडतो कसा?"

"त्यांनी त्याला कोपऱ्यावर सोडलं होतं. थोडी घेतलेली होती त्याने. कागदात आहे सगळं." त्याने कागद माझ्याकडे सरकवले. "पेटी सीलबंद आहे, उघडता येणार नाही. आरोग्याचा प्रश्न असतो. पुढच्या शुक्रवारपर्यंत सही करा. दफनासाठी फादरशी बोलणं झालंय. नाही केलीत, तर पेटी सामायिक खड्ड्यात जाईल, आणि ते तुम्हालाच बरं वाटणार नाही."

मला कळत होतं. सही केली की एफ्राइन दारू पिऊन विहिरीत पडलेला माणूस होणार. चौदा नंबरच्या गाडीतल्या दोघांवरचा खटला मिटणार, आणि त्यानंतर माझ्या मुलाला कुणी शोधणार नाही. हे सगळं कळत असूनही मी त्याला म्हटलं, "विचार करून सांगते." मी थकले होते. आपल्याला एक कबर असावी, तिथे फुलं ठेवावीत, असं मलाही वाटत होतं. हे मी चायोलासुद्धा सांगितलं नाही.

घरी येऊन मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. दुपारचे तीन वाजले असतील. भरतकामाच्या रिंगमध्ये रुमाल ताणून लावला आणि कात्रीच्या टोकाने एफ्राइनच्या नावाची पहिली दोन अक्षरं उसवली. मग लाल दोरा ओवला. बायकांना बोलवायला हवं होतं, पण मला कुणाचं तोंड बघायचं नव्हतं. दोन अक्षरं भरली, रिंग बिस्किटांच्या डब्यात ठेवली आणि झाकण दाबून बसवलं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा उघडला, तर ती दोन अक्षरं हिरवी होती.

मी आधी चष्मा पुसला. मग रुमाल खिडकीशी नेला. अक्षरं हिरवीच होती. माझा लाल दोरा तुटलेला नव्हता, सबंध काढून नीट गुंडाळून डब्याच्या कोपऱ्यात ठेवला होता. इतकी नीट गुंडाळी मीसुद्धा करत नाही.

माणसाला एवढं झाल्यावर काय वाटतं? मला वाटलं, मीच केलं असणार. काल उसवायचं ठरवलं, उसवलंच नाही, नुसतं मनात केलं. या वयात होतं असं. माझी मोठी बहीण एकाच भाजीत तीनदा मीठ घालायची. मी कॉफी केली, पाव खाल्ला, आणि मग पुन्हा रुमाल हातात घेतला.

टाके उलटे कललेले होते.

माझा टाका उजवीकडे कलतो. चाळीस वर्षांत तो कधी दुसरीकडे कलला नाही. ही दोन अक्षरं डावीकडे कललेली होती, आणि त्याच जुन्या भोकांतून भरलेली होती. शिवाय गाठ रुमालाच्या वरच्या बाजूला, सगळ्यांना दिसेल अशी. एफ्राइनला मी दहा वेळा सांगायची, अरे गाठ खाली ठेव, गाठ खाली! तो हसायचा आणि वरच ठेवायचा.

मी खुर्चीत बसले ती बराच वेळ उठले नाही. आनंद म्हणावा तर रुमालाला पुन्हा हात लावायची हिंमत होत नव्हती.

४

मी अंधश्रद्धाळू बाई नाही. काही चुकलं तर आधी आपली मोजणी तपासायची, हे मला कापडाने शिकवलं आहे. म्हणून मी ठरवलं की भर दिवसा, डोळ्यांसमोर बघायचं.

गुरुवारी दुपारी बारा वाजता मी पुन्हा तीच दोन अक्षरं उसवली आणि लाल दोऱ्याने भरली. घरातला हिरवा दोरा सगळा, अगदी तुकडेसुद्धा, पिशवीत घालून शेजारणीकडे ठेवायला दिला. ती म्हणाली, "दोरा सांभाळायचा? तुझी सोन्याची साखळी वगैरे दे की!" मी म्हटलं, तूर्त दोराच सांभाळ. रिंग डब्यात ठेवली, डबा कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. मग मका दळायला गिरणीवर गेले. परत यायला पाऊण तास लागला.

दारातच मला आवाज आला.

रिंगमध्ये कापड चांगलं ताणलेलं असलं की सुई त्यातून जाताना बारीकसा 'टक्' आवाज होतो, आणि मागोमाग दोरा सरसरत जातो. तो आवाज मी आयुष्यभर ऐकला आहे. झोपेतसुद्धा ओळखेन. टक्, मग सर्र. थोडी शांतता. पुन्हा टक्, सर्र. आवाज कपाटातून येत होता.

मी पिठाचं भांडं जमिनीवर ठेवलं. कपाटाला कान लावायची हिंमत झाली नाही, पण दोन पावलांवर जाऊन उभी राहिले. बाहेर गॅसवाल्याची गाडी भोंगा वाजवत गेली, आणि तो भोंगा चालू असतानाही मला टाके मोजता येत होते. सात झाले. आठवा झाला.

"एफ्राइन," मी म्हटलं, "तू आहेस का रे?"

आवाज थांबला. एखादं माणूस आपलं नाव ऐकून थांबतं तसं नाही वाटलं मला. आपल्याला भलत्याच नावाने हाक मारली म्हणून कुणी थांबावं, तसं वाटलं. पण हे मी तेव्हा स्वतःशी कबूल केलं नाही.

कुलूप उघडलं. अक्षरं हिरवी होती, आणि लाल दोऱ्याची गुंडाळी कोपऱ्यात. तो हिरवा दोरा माझ्या घरातला नव्हता. जरा जाड होता आणि त्याला मातीचा वास येत होता.

५

रविवारी मी चायोला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं.  मग तिने रुमाल हातात घेतला.

"हा तुझ्या एफ्राइनचा हात आहे म्हणतेस?"

"डावरा टाका आहे. गाठ वर आहे. आणखी काय पाहिजे?"

"ओती, चाळीस वर्षं शिवलंस आणि हे कळत नाही तुला?" तिने रुमाल उलटा केला. "हे बघ. मागून बघ. मागून टाका कुठे कललाय?"

मागून टाका उजवीकडे कललेला होता, बरोबर माझ्यासारखा. आणि मागच्या बाजूने पाहिलं तर गाठ जिथे असायला हवी तिथे, कापडाच्या पलीकडे होती.

"हा डावरा नाही," चायो म्हणाली. "उजवाच आहे. पण हे वरून भरलेलं नाही, बाई. कुणीतरी खालून भरलंय."

"खालून म्हणजे कुठून?"

"मला विचारू नकोस." तिने स्वतःवर क्रॉसची खूण केली. मग तिचा नेहमीचा स्वभाव परत आला. "पण एक सांगते. नाबोरचं नाव आपण लाल केलं तेव्हा ते लालच राहिलं. कुणी उसवलं नाही. खरं होतं म्हणून राहिलं. हे कुणीतरी उसवतंय, म्हणजे त्याला पटलेलं नाही. त्या बारासाच्या पेटीत कोण आहे ते आधी बघ."

"सीलबंद आहे ती."

"बरणीसुद्धा सीलबंद असते. आपण उघडतो ना?"

मला रडू आलं. तीन वर्षं मला एकच भीती होती की एफ्राइन मेला असेल. आता तिच्याखाली दुसरी एक भीती हातपाय पसरत होती. डाव्या हाताचा तो पोरगा माझ्या घरात आलाच नव्हता. मग माझ्या डब्यात बसून दोनदा कोण शिवत होतं?

"सही करणार नाही मी," मी म्हटलं.

"ते मला पहिल्यापासून माहीत होतं," चायो म्हणाली. "तुलाच माहीत नव्हतं."

६

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघी गेलो. मी बारासाला सांगितलं की सही करण्याआधी मला एक तास पेटीजवळ बसायचं आहे, एकटीला. आईची इच्छा म्हणून त्याने होकार दिला. चायो बाहेर बाकावर बसली.

खोली लहान होती. पांढऱ्या फरशा, कोपऱ्यात बंद पडलेला पंखा, एक खिडकी. टेबलावर पत्र्याची पेटी, प्रवासाच्या बॅगेएवढी. एवढ्यात माणूस मावतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. झाकणावर चिकटपट्टी आणि कागदावर एफ्राइनचं नाव टाइप केलेलं.

मी खुर्ची पेटीशी ओढली, मांडीवर रिंग घेतली आणि लाल दोरा ओवला. डाव्या हाताने रिंगची कड धरली. उजव्या हाताने सुई नावाच्या पहिल्या अक्षरावर टोचली, खाली ढकलली आणि सोडून दिली.

एरवी आपला उजवा हात कापडाखाली जातो, सुई ओढून घेतो आणि पुन्हा वर ढकलतो. मी हात खाली नेला नाही. उजवा हात पेटीवर ठेवला. पत्रा उन्हात नसूनही कोमट होता.

सुई खाली गेली होती. दोरा सर्र करून सगळा ओढला गेला, शेवटपर्यंत, कुणीतरी सवयीच्या हाताने ओढावा तसा. मग टक् झालं आणि सुईचं टोक वर आलं.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर बारासा आत आला असता, एवढं मला त्याही वेळी सुचलं. मी सुई धरली आणि पुन्हा खाली दिली. ती पुन्हा वर आली. आता तिच्यात ओवलेला दोरा हिरवा होता.

खाली वाकून बघावं, तर मान वळेना. मी रिंग मांडीवरून हळूहळू उचलली आणि खिडकीसमोर धरली. रुमाल जुना आहे, धुऊन धुऊन विरळ झालेला. उजेड त्यातून आरपार येत होता, आणि कापडाच्या पलीकडे, अगदी टेकून, बोटांची सावली होती.

बोटं बारीक होती. सगळ्यांना नखं होती, जरा लांब, टोकाला निमुळती ठेवलेली. करंगळीत अंगठी होती.

माझ्या मुलाचा हात मी पोटातून बाहेर आल्या क्षणापासून ओळखते. हा तो नव्हता. एखाद्या मुलीचा हात होता, विशीतल्या.

मला आधी काय वाटलं ते सांगते, लपवून काय करू? मला आनंद झाला. अगदी मनापासून आनंद झाला की ही दुसऱ्या कुणाचीतरी आहे, माझा नाही. आणि मग लगेच अशी लाज वाटली की रिंग हातातून पडली. फरशीवर नुसता रुमाल होता, बाकी काही नव्हतं.

"पोरी," मी पेटीला म्हटलं, "चुकलं माझं. तुला दुसऱ्याचं नाव लावत होते मी."

७

बारासाने पेन पुढे केलं.

"हा माझा मुलगा नाही," मी म्हटलं.

"दोन्या ओतिलिया, तुमचं दुःख समजतो मी, पण तपासणी..."

"ही मुलगी आहे. वीसएक वर्षांची. करंगळीत अंगठी आहे. उघडा आणि बघा."

त्याचा चेहरा एकदम उतरला. अंगठीचा कागदात कुठेच उल्लेख नव्हता. पण त्याने ती पाहिली होती, हे मला त्या चेहऱ्यावरून कळलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तिनेच."

"बाईंना बाहेर न्या," तो शिपायाला म्हणाला. म्हणजे मी परत बाई झाले होते.

बाहेर नेण्यात काही अडचण नव्हती, कारण मला बाहेरच बसायचं होतं. चायोने फोन केले. संध्याकाळपर्यंत चौकातल्या सगळ्या बायका खुर्च्या घेऊन आल्या. कार्यालयाच्या व्हरांड्यात, सूचनाफलकापासून दरवाज्याच्या कडीपर्यंत आम्ही दोरी बांधली आणि रुमाल लावले. आत जाणाऱ्या प्रत्येक साहेबाला वाकून जावं लागायचं. पेटी खड्ड्यात नेऊ म्हणाले, तेव्हा चायोने खुर्ची सरळ दारात टाकली. "न्या की. माझ्यावरून न्या. पण मी जड आहे हं, आधी सांगते."

त्यांनी वीज बंद केली, आम्ही दिवसाच्या उजेडात भरलं. संडासाला कुलूप लावलं, समोरच्या पाववाल्याने आपला उघडून दिला. दररोज बारासा दारात यायचा आणि विचारायचा, सही? मी दररोज एक टाका घालून दाखवायची. रात्री बायका आळीपाळीने घरी जायच्या. मी गेले नाही. भिंतीपलीकडे ती पेटी होती. तीन वर्षं जे मला एफ्राइनसाठी करता आलं नाही ते, म्हणजे जवळ बसणं, मी त्या पोरीसाठी केलं.

अकराव्या दिवशी राजधानीहून हाडांच्या डॉक्टरीणबाई आल्या. वर्तमानपत्रवाले आल्यामुळे त्यांना अडवता आलं नाही. पेटी उघडली तेव्हा मी दारात उभी होते. त्यांनी तासभर काम केलं, मग हातमोजे काढून बाहेर आल्या.

"स्त्री. एकोणीस ते बावीस," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "अंगठी करंगळीत होती हे तुम्हाला कसं माहीत? ती पेटीत एका वेगळ्या पिशवीत, तळाशी चिकटलेली होती."

"मी शिवणकाम करते," मी म्हटलं. 

बारासाने पत्रकारांना सांगितलं की पेट्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या गेल्या. कुणाच्या हातून बदलल्या हे त्याने सांगितलं नाही. पण एफ्राइनची फाइल उघडी राहिली, आणि चौदा नंबरच्या गाडीतल्या दोघांना पुढची तारीख पडली.

८

त्या मुलीसाठी आम्ही कोरा रुमाल घेतला. रंगावरून मात्र अडलो. मेली आहे म्हणून लाल म्हणावा, तर नाव नाही. हरवली आहे म्हणून हिरवा म्हणावा, तर ती सापडली आहे. अशांसाठी आमच्याकडे रंगच नव्हता.

"तिलाच विचार," चायो म्हणाली. यावेळी ती थट्टा करत नव्हती.

मी कोरा रुमाल रिंगमध्ये लावला, सुईत लाल दोरा ओवला आणि ती खाली दिली. चौकात बँड वाजत होता, मुलं कबुतरांमागे पळत होती. सुई वर आली. दोरा लालच होता.

त्या रविवारी दोन अक्षरं झाली. तिसऱ्या रविवारी पुरं नाव झालं आणि खाली एका गावाचं नाव, दोन राज्यं पलीकडचं. आम्ही फोटो काढून सगळीकडे पाठवला. ऑगस्टच्या शेवटी एक बाई आली. उन्हाने काळवंडलेली, बसचा प्रवास करून आलेली, हातात पिशवी. तिने कुणाला काही विचारलं नाही. दोरीवरचे रुमाल वाचत वाचत पुढे आली आणि त्या एका रुमालासमोर थांबली.

मी तो काढून तिच्या मांडीवर दिला. तिने नावावरून बोट फिरवलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिने उजवा हात हळूच रुमालाखाली घातला आणि तसाच ठेवला. तिचा चेहरा बदलला. संध्याकाळच्या घंटा होईपर्यंत तिने हात काढला नाही.  जाताना तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, "तुमचा मुलगा?"

"शोधते आहे," मी म्हटलं.

मी अजून दर रविवारी जाते. एफ्राइनचा रुमाल पुन्हा सगळा हिरवा आहे, शेवटचा शब्द तसाच अर्धा. घरी निघण्याआधी मी नेहमीचं एक काम करते, जे चायोशिवाय कुणाला माहीत नाही. रिंग मांडीवर घेते, सुई त्या अर्ध्या शब्दात टोचते, खाली सोडते आणि दोन्ही हात बाजूला घेते. मग थांबते. चायोही श्वास रोखून बघत असते. मी शंभरपर्यंत आकडे म्हणते. त्या शंभर आकड्यांइतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही. सुई वर आली, तर माझा मुलगा कापडाच्या पलीकडे आहे.

आजवर सुई एकदाही वर आलेली नाही. ती दोऱ्याला लोंबकळत राहते, वाऱ्याने जरा हलते, आणि खाली कुणीही नसतं.

"नाही आली," चायो म्हणते.

"नाही आली," मी म्हणते, आणि माझाच हात खाली घालून सुई वर घेते.